गोव्यात हद्दीलगत बांधताना: शेजाऱ्याशी वाद होण्याआधी आणि झाल्यावर

आमच्या डिचोलीकडच्या घराच्या परसात एक जुना गडगा होता. चिऱ्यांचे तुकडे नुसते एकावर एक रचलेले, शेवाळाने हिरवे झालेले. एका जुलैत तो रात्रीत कोसळला. पाऊस सरल्यावर बाबांनी नवे चिरे आणून तिथेच पक्की भिंत घातली. निदान ती 'तिथेच' आहे असं त्यांना वाटलं. पलीकडचे काका तेव्हा मुंबईला मुलाकडे होते. पुढच्या चवथीला (गणेश चतुर्थीला) आले, परसात गेले आणि तिथूनच हाक मारली, "दादा, गडगा आमच्याकडे सरकलाय तुझा."

त्यानंतर सहा वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका पोस्टाने जायच्या, भिंतीवरून जायच्या नाहीत. शेवटी मोजणी झाली तेव्हा कळलं की भिंत एका टोकाला अगदी बरोबर होती आणि दुसऱ्या टोकाला चाळीस सेंटिमीटर काकांच्या जमिनीत गेली होती. चूक आमची होती. चिरे उतरवण्याआधी मोजणी मागितली असती तर ते चाळीस सेंटिमीटर एका दिवसात समजले असते. गोव्यात नव्याने जमीन घेणाऱ्या, वडिलोपार्जित जागेत नवं घर उभारणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच कळकळीने सांगतो: आधी रेषा, मग पाया.

कागद गोळा करा, आणि ते नीट वाचा

गावातल्या जमिनीसाठी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या कब्जेदाराची आणि हक्कांची सरकारी नोंद) आणि सर्व्हे प्लॅन लागतो. शहरी भागात, म्हणजे सिटी सर्व्हेच्या हद्दीत, एक-चौदाऐवजी 'फॉर्म डी' असतो. उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन असं दोन आकड्यांत लिहिलेलं असतं. तुमचे आकडे आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांचे आकडे एका वहीत उतरवून घ्या. शेजाऱ्यांचे उतारेही काढा. ते कुणालाही मिळतात, त्यात चोरून बघितल्यासारखं काही नाही.

बहुतेक जण उताऱ्यावर कब्जेदाराचं नाव बघून थांबतात. माझा आग्रह असा की 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. जमीन एकाची आणि त्यातलं घर दुसऱ्याचं, ही गोव्यातली नेहमीची गोष्ट तिथेच दिसते. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे बागायतीत, मुंडकाराचं (त्याच्या संमतीने तिथे राहणाऱ्याचं) घर असेल तर 1975 च्या मुंडकार कायद्याने त्या घराला संरक्षण आहे. पंचायत क्षेत्रात घरासकट 300 चौरस मीटर आणि पालिका क्षेत्रात 200 चौरस मीटर जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. बाहेरून येऊन 'मोकळा प्लॉट' घेणाऱ्याला कोपऱ्यातलं ते कौलारू घर अतिक्रमण वाटतं. पुष्कळदा ते तिथलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पक्कं हक्काचं घर असतं. त्याच्या भिंतीला लागून पाया खणण्याआधी मामलेदार कार्यालयात मुंडकारीचं काही प्रकरण नोंद आहे का, ते विचारा.

उताऱ्यावरचं नाव म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. 1968 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे ती नोंद खरी मानून चालतात, पण पुरावा देऊन ती खोडता येते. म्हणून खरेदीखत हवंच. वडिलोपार्जित जमीन असेल तर पोर्तुगीज काळातले नोंदणीचे कागदही शोधा. त्यांत पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला व्हाळ (ओढा), उत्तरेला कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) जमीन, अशा चतुःसीमा दिलेल्या असतात. मीटरमध्ये काहीच नसतं, पण व्हाळ आणि रस्ता सहसा जागचे हलत नाहीत, त्यामुळे हे वर्णन वादात फार उपयोगी पडतं. कागद पोर्तुगीजमध्ये असतो. भाषांतर जाणकाराकडूनच करून घ्या.

नकाशावर पट्टी ठेवून भिंत घालू नका

समजा तुमचा सर्व्हे प्लॅन 1:1000 प्रमाणाचा आहे. म्हणजे कागदावरचा एक मिलीमीटर जमिनीवर एक मीटर. नकाशातली रेघ अर्ध्या मिलीमीटरची असली, तर ती रेघच जमिनीवर अर्धा मीटर रुंद झाली. त्यावर झेरॉक्सची झेरॉक्स काढली की कागद ताणतो, आकसतो. मी एका गृहस्थांना असा कागद हातात धरून, पावलं मोजत खुंट्या ठोकताना पाहिलं आहे. खुंट्या अगदी सरळ रेषेत होत्या. पण त्या हद्दीवर होत्या की नाही, हे त्या कागदावरून कुणालाही सांगता आलं नसतं.

यासाठी हद्दीची अधिकृत मोजणी, म्हणजे डिमार्केशन, मागायची. अर्ज आपल्या भागातल्या भूमापन व भूमी अभिलेख निरीक्षकाच्या कार्यालयात द्यायचा. सोबत ताजा उतारा, प्लॅन, लगतच्या कब्जेदारांची नावं-पत्ते आणि फी. कार्यालय शेजाऱ्यांना नोटीस पाठवतं, तारीख ठरते, सर्व्हेअर येऊन बिंदू दाखवतो, पंचनामा होतो. खाजगी सर्व्हेअर टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून लवकर मोजून देतो, आराखडा करायला ते पुरतं. पण उद्या शेजाऱ्याने बोट दाखवलं तर वजन सरकारी मोजणीलाच.

मोजणी ऑक्टोबर ते मे या काळात करून घ्या. पावसात रान एवढं माजतं की जुना हद्दीचा दगड पायाखाली असला तरी सापडत नाही. आदल्या दिवशी हद्दीवरची झुडपं साफ करून ठेवा. साफ करायची, तोडायची नाहीत. हद्दीवरचा फणस किंवा माड हाच कधी कधी एकमेव साक्षीदार असतो, आणि मोजणीच्या आदल्या दिवशी तो तोडणाऱ्या माणसावर मग कुणी विश्वास ठेवत नाही.

बिंदू दाखवले की त्याच दिवशी तिथे चिरे किंवा काँक्रीटचे खांब पुरा. नुसता चुन्याचा पट्टा पहिल्या पावसात वाहून जातो. प्रत्येक बिंदूचा फोटो घ्या, त्यात घराचा कोपरा किंवा विहीर अशी न हलणारी वस्तू येऊ द्या, आणि त्या वस्तूपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा.

एक मर्यादाही लक्षात असू द्या. सर्व्हेअर कागदावरची रेषा जमिनीवर दाखवतो. जमीन कुणाची, हे तो ठरवत नाही. इथली सर्वेक्षणं मुख्यतः सत्तरच्या दशकात झाली, आणि त्या वेळी जागेवर जी वई (कुंपण), जो गडगा दिसला त्यावरूनच बऱ्याच रेषा ओढल्या गेल्या. ती रेषाच चुकली आहे असं कुणाचं म्हणणं असेल, तर तो निराळा अर्ज आणि निराळा वाद.

शेजाऱ्याला आधी सांगा

मोजणीची नोटीस पोस्टाने येण्याआधी स्वतः जाऊन सांगा. टपालाने आलेला सरकारी कागद पाहिला की माणूस आधी वकील शोधतो. "वहिनी, घर बांधायचं मनात आहे. सोमवारी मोजणीदार येणार आहेत, तुम्ही आणि भाऊ दोघंही हजर राहा, तुमच्या समोर दगड पुरू," एवढं बोलायला दहा मिनिटं लागतात. सोबत घराचा आराखडा न्या. त्यांच्या बाजूला कुठल्या खिडक्या येणार, सेप्टिक टँक कुठे, पाण्याचा पंप कुठे, हे दाखवा. त्यांची विहीर कुठे आहे ते विचारा आणि सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) तिच्यापासून जेवढं दूर नेता येईल तेवढं न्या. मी पाहिलेल्या वादांत नुसत्या जागेसाठी भांडण कमी वेळा पेटलं. 'आम्हाला विचारलंसुद्धा नाही' हा सल बहुतेक वेळा आधी होता, आणि फूट-दीड फूट जमीन नंतर आली.

हद्दीच्या आत असलात तरी अंतर सोडायचं असतं

आपली जमीन म्हणजे कडेपर्यंत बांधायची मोकळीक, असा समज फार पसरलेला आहे. गोव्यात 2010 पासून जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्याप्रमाणे नेहमीच्या राहत्या घराला बाजूला आणि मागे साधारणपणे 3 मीटर जागा मोकळी सोडावी लागते. इमारत उंच झाली की अंतर वाढतं. समोरचं अंतर रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. लहान जुने प्लॉट, जुन्या घराची दुरुस्ती, कुंपणाच्या भिंतीची उंची यांचे नियम वेगळे आहेत, ते तुमच्या झोनप्रमाणे नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात विचारून लिहून घ्या.

परवानगीची वाट अशी: गावात नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि मग पंचायतीचा बांधकाम परवाना. शहरात पालिका, आणि जिथे पीडीए (नियोजन व विकास प्राधिकरण) आहे तिथे तिचीही परवानगी. कुंपणाच्या भिंतीलाही परवाना लागतो. "भिंतच तर आहे" म्हणत सुट्टीच्या दिवशी चिरे रचून घेणारे पुढे सगळ्यात जास्त अडकतात.

उतारावर जमीन असेल तर आणखी जपा. डोंगर कापायला आणि सखल भाग भरायला नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम 17-अ खाली आधी परवानगी लागते. हद्दीला लागून जेसीबीने उभा कडा कापला की वरच्या घराचा पाया अधांतरी राहतो. जांभा उन्हाळ्यात लोखंडासारखा वाटतो, पण त्याच्या खालची माती पावसात लोण्यासारखी सरकते.

पागोळ्या, पन्हळ आणि वाट

रेषा बरोबर, अंतर बरोबर, तरी भांडण होतं ते पाण्यावरून. आपल्याकडे तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. छपराची कड हद्दीकडे उतरती असेल, तर चार महिने तुमच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीच्या पायाशी खड्डा पाडत राहतात. कौलं असताना पाणी सुटं सुटं पडायचं. आता पत्रे आले, तेच पाणी एका धारेने, जोराने आणि दूरवर पडतं. पत्रा नुसता हातभर बाहेर काढलेला दिसतो, पण वाऱ्यापावसात त्याची धार पार पलीकडच्या तुळशीपर्यंत जाते. यावर उपाय स्वस्त आहे: हद्दीच्या बाजूने पन्हळ लावा, तिचा पाइप आपल्याच जमिनीत उतरवा आणि आपल्याच गटाराला जोडा. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कुठे जातं ते डोळ्यांनी बघा. आराखड्यात जे दिसत नाही ते त्या पाच मिनिटांत दिसतं.

भराव टाकून आपली जमीन उंच करणारे आणखी एक चूक करतात. वरच्या बाजूचं पाणी वर्षानुवर्षं ज्या चरातून व्हाळाकडे जायचं, तो चर बुजतो. मग पाणी शेजाऱ्याच्या खोलीत शिरतं. तीच गोष्ट पायवाटेची. मागच्या घरांची जुनी वाट तुमच्या प्लॉटमधून जात असेल तर फाटक लावण्याआधी थांबा. शेताभाटाकडे जाणारी रुळलेली वाट किंवा पाण्याचा प्रवाह अडवला, तर मामलेदाराकडे दाद मागता येते. त्यासाठी 1966 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे.

शेजारी बांधू लागला तर

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: त्याचं बांधकाम माझ्या जमिनीत आलं आहे, की त्याच्याच जमिनीत पण हद्दीला फार जवळ आहे? हे दोन वाद पूर्णपणे वेगळे आहेत. चुकीचं दार ठोठावण्यात लोकांची वर्षं जातात.

तो स्वतःच्याच जागेत, पण मोकळं अंतर न सोडता किंवा परवान्याशिवाय बांधत असेल, तर तक्रार पंचायतीकडे आणि नगर नियोजन खात्याकडे. शहरात पालिकेकडे. तो तुमच्या जमिनीत आला असेल, तर मालकी आणि ताबा ठरवायचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा. पंचायत परवाना तपासेल, काम थांबवेल, पण 'ही दोन फूट जमीन कुणाची' हे ती सांगू शकत नाही. सरपंचांनी तुम्हाला तसं सांगितलं तर ते टाळाटाळ करताहेत असंच नाही, त्यांना तो अधिकारच नाही. दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या असतील तर दोन्हीकडे जा.

पंचायतीला तक्रार लेखी द्या. सर्व्हे नंबर, काम कुठवर आलं आहे, कुठल्या तारखेला काय दिसलं, अंतर अंदाजे किती, एवढंच लिहा. त्याचा स्वभाव, त्याचे जुने उपद्व्याप, कुणाचा वरदहस्त, यातलं एकही वाक्य नको. फोटो जोडा. आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली विनापरवाना बांधकामावर कारवाई करता येते: जागेची पाहणी, काम थांबवण्याची नोटीस, आणि गरज पडल्यास बांधकाम पाडण्याचा आदेश. पंचायत हलत नसेल तर पंचायत उपसंचालकांकडे जा.

शेजाऱ्याकडे परवाना आहे की नाही हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. माहिती अधिकाराखाली 10 रुपयांचा अर्ज करून परवान्याची आणि मंजूर आराखड्याची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा आराखड्यात तीन मीटर दाखवलेले असतात आणि जागेवर दीड. मग तुमच्या तक्रारीला कागदाचा आधार मिळतो.

जमीन तुमची जात असेल तर मात्र 30 दिवस थांबायला वेळ नसतो. दिवाणी न्यायालयात दावा आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज लगेच करावा लागतो. पाया खणताना गेलेल्या माणसाचं म्हणणं न्यायालय एका नजरेने बघतं, आणि स्लॅब पडल्यावर गेलेल्याचं दुसऱ्या. 'इतके दिवस गप्प का होता?' हा प्रश्न येतोच, आणि उभं राहिलेलं घर पाडायचा आदेश मिळणं फार अवघड. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते, आणि पावसाआधी काम उरकायची घाईही नेमकी तेव्हाच असते. म्हणून एप्रिलमध्ये चर खणलेला दिसला की त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. न्यायालय कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी आणि मोजणी करून घेऊ शकतं, ती मागणी वकिलाला आठवणीने करायला सांगा. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तो उत्पन्नाची अट न घालता मिळतो, हे गावोगावच्या विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायांना कुणीतरी सांगायला हवं.

पोलिसांकडे गेल्यावर "हा सिव्हिल मॅटर आहे" असं उत्तर बहुधा मिळतं, आणि जमिनीपुरतं ते बरोबरच असतं. धमकी, मारहाण, रात्री येऊन कुंपण पाडणं, असं काही झालं तर मात्र तक्रार द्याच. आणि हद्दीचे दगड स्वतः उपटू नका, त्याची भिंत स्वतः पाडू नका, कितीही राग आला तरी. दावा तुमच्या बाजूचा असला तरी त्या एका कृतीने तुम्ही आरोपी होता.

समेट झाला तर तो कागदावर आणा

आमच्याकडे शेवटी भिंत पाडली नाही. जेवढी त्यांची जागा आमच्याकडे आली होती, तेवढी दुसऱ्या टोकाला त्यांना द्यायची, असं ठरलं. दोघांनी हात मिळवले आणि आम्हाला वाटलं, झालं. वकिलाने विचारलं, "सह्या कुणाकुणाच्या?"

गोव्यात हा प्रश्न फार मोठा आहे. इथल्या समान नागरी कायद्यामुळे वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. जमीन नवऱ्याच्या नावावर दिसली तरी बायकोची सही लागते. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार आले. एक आत्या पुण्याला, एक चुलतभाऊ लंडनला, आणि त्यांच्यापैकी एकाचीही सही राहिली तर दहा वर्षांनी त्याचा मुलगा तोच वाद नव्याने उभा करू शकतो. आमच्या दोन घरांच्या मिळून चौदा सह्या लागल्या.

त्या एकत्र कशा केल्या ते सांगतो, कारण हे कुणालाही करता येईल. चवथीला सगळे मूळ घरी येतातच. दोन्ही घरांनी महिनाभर आधी सगळ्यांना मसुदा पाठवला, शंका फोनवर मिटवल्या, मोजणीचा नकाशा त्याला जोडला. पंचमीच्या दिवशी विसर्जनाच्या आधी सगळे आमच्या पडवीत बसले. काकांनी नकाशावर बोट ठेवून मुलांना दगड कुठे कुठे आहेत ते दाखवलं, मग पावसाची उघडीप बघून परसात नेऊन प्रत्यक्ष दाखवलं. जमिनीची देवाणघेवाण असल्यामुळे तो दस्त पुढे उपनिबंधक कार्यालयात नोंदवला. जे थांबू शकत नव्हते त्यांनी जाण्याआधी मुखत्यारपत्र करून दिलं. त्यानंतर दोन्ही सर्व्हे नंबरांच्या नकाशात आणि उताऱ्यात बदल व्हावा म्हणून अर्ज केला. हा शेवटचा अर्ज लोक विसरतात, आणि नकाशात जुनीच रेषा राहते. दस्ताची एक प्रत आमच्या कपाटात आहे, एक काकांच्या, आणि दगडांच्या अंतरांची ती वही दोन्ही घरांनी झेरॉक्स करून ठेवली आहे.